ग्रीष्मचर्या आणि डोक्यावरचे छप्पर

वैशाख लागला की भाटघर धरणाचे पाणी झपाट्याने उतरू लागते. वर्षातील बहुतेक काळ वेळवंडी नदीच्या पात्रात बुडालेले कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते आणि लोक दर्शनाला जाऊ लागतात. त्याच सुमारास आमच्या भोरच्या दवाखान्यातील बाकही भरू लागतो. मूत्रदाह, नेत्रदाह, हातापायांची आग, घोळणा फुटणे, घामोळे, रात्र रात्र झोप न लागणे. भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांतील वैद्यबंधूंना ही यादी पाठ असेल. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली, रुग्ण मात्र अजून वेल्हेच म्हणतात.) आपण काय देतो, हेही ठरलेले आहे. कामदुधा, प्रवाळपिष्टी, चंदनासव, उशीरासव, षडंगपानीय, धन्याजिऱ्याचे पाणी. पथ्य म्हणून तिखट, आंबट, खारट वर्ज्य. उन्हात फिरणे वर्ज्य. दुपारी घरात विश्रांती.

या शेवटच्या सूचनेविषयी हा लेख आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात गुंजवणी खोऱ्यातील एक आजी माझ्याकडे आल्या. वय सत्तरीच्या पुढे, प्रकृती वातपित्तप्रधान, शरीर कृश. सर्वांगदाह, तोंडाला कोरड, निद्रानाश आणि दोन वेळा नाकातून रक्त. रक्तदाब तपासला, लघवी तपासून घेतली. काळजीचे काही नव्हते. वर सांगितलेली औषधे दिली आणि दुपारी घरात पडून राहा, असे बजावले. आठ दिवसांनी आल्या त्या तशाच. मात्रा वाढविली, अनुपान बदलले. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःहून सांगितले, "डॉक्टर, गोठ्यात निजले की बरं वाटतंय, घरात अंग भाजतंय." मला ते वयोपरत्वे आलेले बोलणे वाटले. पुढे त्याच गावात दुसऱ्या रुग्णाला पाहण्यास जाण्याचा योग आला, तेव्हा आजींच्या घरी डोकावलो. चार-पाच वर्षांपूर्वी बांधलेले एका खोलीचे पक्के घर, वर उघडा स्लॅब, पश्चिमेकडे एकुलती एक खिडकी आणि तिच्याच शेजारी खाट. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. मी हात उंच करून स्लॅबला लावला आणि लगेच काढून घेतला. मागच्या अंगाला गोठा होता. दगडमातीच्या भिंती, वर जुनी कौले, कौलांखाली पेंढ्याचा माळा. गुरे निवांत रवंथ करीत होती.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तीन परीक्षांत मी रुग्णाला पाहिले होते, त्यांच्या घराला नव्हे. ज्या स्थानी राहण्याने दाह वाढत होता, त्याच स्थानी भर दुपारी पडून राहण्याचे पथ्य मीच लिहून दिले होते. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. येथे निदान डोक्यावर होते.

शास्त्रातील शीतगृह

वास्तविक शास्त्रकारांनी ही चूक केलेली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ग्रीष्मात दिवसा निद्रा घेण्यास सांगितले आहे. परंतु ती शीतगृहात. रात्री मात्र चांदण्याने निवालेल्या वाड्याच्या माथ्यावर झोपावे, असा उपदेश आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसऱ्या अध्यायात वाग्भटाचार्य उंच दाट वृक्षांची छाया, वेलींनी आच्छादलेली घरे, सुगंधी थंड पाणी शिंपडलेले वस्त्रांचे पडदे आणि धारागृह यांचे वर्णन करतात. विद्यार्थिदशेत ही वर्णने राजेरजवाड्यांची म्हणून आपण सोडून दिली. आता ती वाचताना त्यांत चार गोष्टी स्पष्ट दिसतात. छपरावर ऊन पडू न देणे, भिंतीवर ऊन पडू न देणे, पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा निववणे आणि रात्रीचा गारवा वापरणे. यांपैकी एकाही गोष्टीला राजा असण्याची आवश्यकता नाही.

इतर ऋतूंत निषिद्ध असलेला दिवास्वाप ग्रीष्मात विहित आहे, एवढेच आपण रुग्णाला सांगतो. तो कोठे विहित आहे, हे सांगावयाचे राहून जाते.

जुने घर आणि नवे घर

मावळातील जुने घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको. दीड-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. दुपारचे ऊन त्यांच्या आतल्या अंगास पोचेपर्यंत रात्र होते. वर कौले, कौलाकौलांतील फटींतून तापलेली हवा निसटून जाते. त्याखाली माळा, माळ्यावर पेंढा किंवा धान्य. पुढे पडवी, त्यामुळे माजघराच्या भिंतीला ऊन लागतच नाही. भोरच्या पंतसचिवांच्या राजवाड्यातील चौकांतही मोठ्या प्रमाणावर हेच तत्त्व दिसते. चौकात रात्री साठलेली थंड हवा दिवसा भोवतालच्या दालनांना मिळते.

परंतु जुन्या घराचे गोडवे गाऊन भागणार नाही. वेल्ह्याच्या पश्चिम भागातील पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना दरवर्षीच्या शाकारणीचे कष्ट, गळके वासे, माळ्यावरचे उंदीर आणि उंदरांमागे येणारे सर्प हे सारे ठाऊक आहे. वळवाच्या वादळात कौले उडतात. शाकारणी करणारी माणसेही आता मिळत नाहीत. लोकांनी स्लॅब पत्करला तो हौसेने नव्हे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविलेले आहे. एवढ्या एका खोलीवर चार-पाच इंच काँक्रीट किंवा पत्रा येतो आणि आत चूलही असते. घर पक्के झाले, पावसापासून सुटका झाली. उन्हाचा विचार मात्र कोणी केला नाही.

सूर्य कोठून तापवितो?

येथे थोडे गणित करावे लागेल. भोर सुमारे १८ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. याचा अर्थ असा की, ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सारा मारा छपरावर होतो आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. दक्षिणेच्या खिडकीवर मोठा छज्जा काढून पश्चिमेची खिडकी उघडी ठेवणारे घरमालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

निरभ्र आकाशात मध्यान्ही एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट सौर उष्णता पडते. म्हणजे २५ चौरस मीटरच्या छपरावर एक हजार वॅटच्या पंचवीस विजेच्या शेगड्या पेटविल्यासारखे झाले. काळपट पडलेला जुना स्लॅब यातील निम्म्याहून कितीतरी अधिक उष्णता शोषून घेतो. नुकताच चुना दिलेला पांढरा पृष्ठभाग पाव भागाच्या आसपास शोषतो, बाकीची आकाशात परत जाते. शोषलेली उष्णता काँक्रीटमधून हळूहळू उतरते. दुपारी दोनची उष्णता संध्याकाळी खालच्या अंगाला पोचते आणि मध्यरात्रीपर्यंत खाली झोपलेल्या माणसावर पडत राहते. बाहेर वारा गार झाला तरी आत तगमग होते ती यामुळे. पंखा ही उष्णता घालवीत नाही, स्लॅबखालची तापलेली हवा खाली ढकलतो.

चुन्याचा लेप

म्हणून पहिला उपचार छपराचा, आणि तो लेपनाचा. अहमदाबाद शहराने २०१० च्या मे महिन्यातील भीषण उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला आणि पुढे २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही त्यात घेतले. पांढऱ्या छपराखालील खोलीत दोन ते चार अंश सेल्सिअसचा फरक पडणे असामान्य नाही. खर्च चुन्याचा आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा.

कळीचा चुना रात्रभर भिजवून विरू द्यावा, फडक्यातून गाळावा, त्यात उकळून पातळ केलेला डिंक मिसळावा. काही गवंडी मीठ घालतात. स्लॅबमधील लोखंडाचा विचार करता ते टाळलेले बरे. भिंतीच्या सफेदीत नीळ घालतात तशी येथे घालू नये. आपल्याला शोभा नको, शुभ्रता हवी आहे. छप्पर आधी खरवडून, धुऊन घ्यावे आणि उन्हे उतरल्यावर दोन पातळ हात द्यावेत. पुढे दोन-तीन दिवस हलके पाणी शिंपडावे, म्हणजे चुना धरतो. चुना तीक्ष्ण क्षार आहे, हे वैद्यांनी तरी विसरू नये. विरघळविताना तो उसळतो. डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे असल्याशिवाय कोणासही, विशेषतः मुलांना, या कामाला लावू नये.

आपल्याकडील खरी अडचण पुढेच आहे. वेल्ह्याच्या पावसात हा लेप टिकत नाही. श्रावणात स्लॅबवर शेवाळ चढते, ते वाळून काळे होते आणि पुढच्या फाल्गुनात छप्पर पूर्वीपेक्षाही काळे दिसते. त्यामुळे होळी झाली की दरवर्षी चुना, असा नेमच धरावा लागतो. ज्यांना झेपेल त्यांनी गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करावी. ती वर्षानुवर्षे टिकते, धुता येते आणि गळतीही थांबविते. गळतीवर काळे डांबरी कापड अंथरण्याची जी पद्धत पडली आहे, ती मात्र पावसाळ्याचा रोग बरा करून उन्हाळ्याचा विकत घेण्यासारखी आहे.

पत्र्याची गोष्ट वेगळी. त्यात उष्णता साठत नाही, पण अडतही नाही. ऊन पडताच खोली भट्टी होते. पत्र्यावर पांढरा रंग आणि पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूची तट्टी, तट्टीच्या वरची हवा निघून जाण्यास दोन्ही टोकांना झरोके, एवढे केले तरी पुष्कळ निभावते. थर्मोकोलचे तक्ते लावण्याचा मोह होतो. एकाच खोलीत चूल पेटत असेल तर ते आगीला आमंत्रण आहे. पेंढा पत्र्यावर पसरण्यातही तोच धोका.

छाया

शेतीसाठी मिळणारी हिरवी जाळी स्लॅबपासून दोन-तीन फूट उंच ताणून बांधली, तर ऊन स्लॅबपर्यंत पोचण्याआधीच अडते. वळवाचा पहिला ढग दिसला की ती सोडता आली पाहिजे, अशी बांधावी. पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवावा, ही सूचना मी करू लागलो तेव्हा अनेकांनी उत्साहाने गुळवेल लावली. औषधही होईल आणि सावलीही, असा त्यांचा हिशेब. परंतु गुळवेलीची पाने नेमकी उन्हाळ्यातच झडतात. भिंतीवर दोरखंड उरतात. सावली हवी असेल तर घोसाळी, दोडका किंवा दुधी, सांडपाण्यावरही चालतात.

वृक्षांत पश्चिमेला करंज आणि कडुनिंब. दोघांनाही चैत्राच्या सुमारास नवी पालवी फुटते, त्यामुळे वैशाखात सावली दाट असते. नीरेच्या काठचे करंज भर दुपारी पाहावेत. त्यांच्याखाली वाटसरू, गुरे आणि एखादी एस. टी. असे सर्वजण उभे असतात.

दारे, खिडक्या आणि वारा

आपल्या भागात चैत्रात दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो. पुण्याचे एप्रिलचे सरासरी कमाल तापमान ३८ अंशांच्या घरात, तर किमान २० अंशांच्या आसपास असते. डोंगराकडची रात्र तर त्याहून सुखद. हा गारवा फुकट मिळतो आणि आपण तो बाहेर ठेवतो. लोक दिवसभर दारे-खिडक्या उघड्या टाकतात आणि रात्री चोरामारीच्या व सापाच्या भीतीने घट्ट लावतात. करावयास हवे ते याच्या नेमके उलट. सकाळी नऊनंतर उन्हाकडील खिडक्या बंद व पडदा बाहेरून; सूर्यास्तानंतर सर्व उघडे. भीती मात्र खोटी नाही. मण्याराचे दंश रात्रीच होतात, तेही जमिनीवर झोपलेल्यांना, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून खिडक्यांना बारीक जाळी, उंबऱ्याची फट बुजविलेली, खाट आणि खोचलेली मच्छरदाणी. समोरासमोर दोन झरोके नसतील तर भिंतीत वर एक पाडून घ्यावा. चूल पडवीत नेता आली तर स्त्रियांचे डोळेही वाचतील.

ओल्या पडद्याचा उपयोग हवा कोरडी असेपर्यंत होतो. वाळ्याचा पडदा अथवा साधे गोणपाट भिजवून वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीला लावले की, चैत्रात आणि वैशाखाच्या पूर्वार्धात खोली निवते. मेच्या उत्तरार्धात हवा दमट झाली की तोच पडदा कोंदटपणा आणतो. कूलरलाही हाच न्याय.

पंखा घ्यावयाचा झाल्यास तारांकन पाहून घ्यावा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ते अनिवार्य झाले आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो, नवा 'बीएलडीसी' पंखा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटची बचत होते आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरही दुपटीहून अधिक चालतो. खोलीचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले की मात्र पंख्याची हवा शरीराला निववीत नाही, तापवितेच. वृद्धांना अशा खोलीत पंख्याच्या भरवशावर ठेवू नये. घाम थांबलेला, त्वचा तप्त आणि शुद्ध हरपत चाललेली, असा रुग्ण दिसल्यास ओल्या कापडाने व वाऱ्याने शरीर निववीत विनाविलंब रुग्णालयात पाठवावा. तेथे आपल्या आसवांची वाट पाहू नये.

वातानुकूलन यंत्राविषयी एवढेच. आधी छप्पर, मग यंत्र. तापलेल्या स्लॅबखाली ते लावणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे. २४ अंशांवर ठेवले तर पुरते. एक अंश वाढविला की विजेत सुमारे सहा टक्के बचत होते. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने 'इको निवास संहिता' आणली. तीत छपरातून येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली आहे. उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट उष्णता आत सोडतो. संहिता मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी आहे. घरकुलांना ती लागू नाही.

औषधालयाचा उन्हाळा

आता आपल्या स्वतःच्या घरात पाहू. बहुतेक औषधालये बाजारपेठेतील गाळ्यांत आहेत. पुढे लोखंडी शटर, वर स्लॅब किंवा पत्रा आणि जागा अपुरी म्हणून साठा पोटमाळ्यावर. म्हणजे सर्वांत तापणाऱ्या जागी. माझ्याकडे एका उन्हाळ्यात गुग्गुळकल्पांचा पूर्ण डबा एकच गोळा होऊन बसला. घृते वितळतात, थिजतात, पुन्हा वितळतात आणि लवकर खवट होतात. कर्पूरयुक्त कल्पांतील कापूर उडून जातो. मध काळवंडतो. अवलेह फसफसतात. आसवारिष्टांच्या बाटल्यांची बुचे उडतात, याचा अनुभव कोणाला नाही? औषधनियमावलीतील १६१-ब या नियमानुसार आपण वेष्टनावर मुदत छापतो. पण ती मुदत थंड व कोरड्या जागेतील साठवणीची, पोटमाळ्यावरील नव्हे.

येथे एक सावधगिरी. घरात जो कूलर चालतो तो औषधालयात घातक ठरतो. तो हवेबरोबर ओल आणतो. चूर्णे ओलसर होतात, त्यांना बुरशी धरते, यवक्षार पाझरतो, लवणभास्कराचे खडे होतात. औषधालयाला शीत हवे, पण रूक्ष शीत. ते चुन्याच्या छपराने, शटरवरच्या पांढऱ्या रंगाने, पुढे लावलेल्या कनातीने आणि रात्री जाळीच्या झरोक्यातून येणाऱ्या वाऱ्याने मिळते. गुग्गुळ, घृत आणि अवलेह खालच्या फळीवर, उत्तरेच्या किंवा आतल्या भिंतीशी ठेवावेत. कमाल-किमान तापमापक महाग नाही. तो पोटमाळ्यावर एक आठवडा टांगून पाहावा.

संधानासाठी भांडे धान्यराशीत किंवा भूमीत पुरून ठेवावे, ही परंपरा आपलीच. दिवसाची उष्णता आणि रात्रीचा गारवा यांचा उपद्रव द्रव्यास होऊ नये म्हणून धान्याचे अथवा मातीचे आवरण. जुन्या घराच्या माळ्यावरचा पेंढा माणसासाठी तेच करीत होता.

दवाखान्याच्या केसपेपरवर आहार, निद्रा, मल, मूत्र यांच्याखाली मी आता एक ओळ छापून घेतली आहे. छप्पर: स्लॅब / पत्रा / कौल. झोपण्याची खोली कोणत्या दिशेला, हेही विचारतो. रुग्ण प्रथम चकित होतात, मग घराविषयी भरभरून सांगतात.

त्या आजींच्या नातवाने दुसऱ्याच रविवारी स्लॅबला चुना दिला, खाट पूर्वेला हलविली आणि पश्चिमेच्या खिडकीबाहेर गोणपाट बांधले. घोळणा पुन्हा फुटला नाही. औषधाने की चुन्याने, हे मी ठामपणे सांगू शकत नाही; दोन्ही एकाच वेळी चालू होते. झोप मात्र लागू लागली, असे त्या म्हणाल्या. तरी दुपारच्या वेळी त्या अजून गोठ्यातच असतात. आषाढात गुडघ्यांसाठी आल्या तेव्हा तक्रार घेऊनच आल्या, की पावसाने सारा चुना धुऊन नेला, पैसे फुकट गेले. फाल्गुनापर्यंत त्याची गरज नाही, तेव्हा पुन्हा द्या, असे सांगितले. या वर्षी नातवाने माझी वाट पाहिली नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशीच तो भोरच्या बाजारातून कळीचा चुना घेऊन गेला.